तिच्या घरातील दिवा कोणाच्या नावावर आहे?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत, नायगाव येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. मी वक्ता नाही, विद्वान तर मुळीच नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या मागे हिंदमाताच्या कापड बाजारात गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. त्यामुळे मला जे काही समजते, ते जमा आणि खर्चाच्या भाषेत समजते. आजचा विषयही मी त्याच भाषेत मांडणार आहे. विषयाचे नाव थोडे जड आहे : ‘एकल महिला आणि ऊर्जा-दारिद्र्य’. सोप्या शब्दांत सांगायचे तर, जिच्या घरात कमावता पुरुष नाही, अशा स्त्रीच्या घरी चूल पेटावी आणि दिवा लागावा यासाठी काय पडते, आणि ते का पडत नाही, याचा हिशेब.

हा विषय मला कोणत्या पुस्तकातून सुचला नाही. तो माझ्या दुकानातून सुचला, आणि त्यात माझी स्वतःची चूक आहे. म्हणून आरंभ तिथूनच करतो.

साडीचे दुकान म्हटले की फॉल-बिडिंगचे काम ओघाने येते. ग्राहक साडी पसंत करतो, फॉल लावून मागतो, आणि आम्ही ती साडी आसपासच्या चाळींमधील भगिनींकडे पाठवतो. माझ्या वडिलांच्या काळापासून हीच पद्धत आहे. नायगाव, भोईवाडा, परळ या भागांतील कितीतरी घरे या टाक्यांवर चालली. २०१८ च्या लग्नसराईत अशाच एका भगिनीकडून आलेल्या सहा साड्या ग्राहकांनी परत आणल्या. टाके वाकडे पडले होते, आणि एका मोरपंखी साडीला चक्क बाटली रंगाचा दोरा लागला होता. हंगामाचे दिवस, दुकानात गर्दी. मी कोणतीही चौकशी न करता वहीत नोंद करविली : ‘काम सदोष, वजा रुपये ६०’. त्या भगिनींनी एक शब्दही उच्चारला नाही. उरलेले पैसे घेतले आणि गेल्या.

पुढे आमच्या मुनीमजींना त्या चाळीत जाण्याचा प्रसंग आला, तेव्हा खरी हकिकत कळली. त्यांच्या खोलीतील वीज बावीस दिवसांपासून तोडलेली होती. रात्री स्वयंपाक आटोपल्यावर त्या बाहेरच्या गॅलरीत, सार्वजनिक दिव्याखाली बसून फॉल लावीत. त्या पिवळट उजेडात मोरपंखी आणि बाटली हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, हे कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या मला तरी कळायला हवे होते. त्यांची मुलगी दहावीला होती. ती त्याच दिव्याखाली जिन्याच्या पायरीवर अभ्यास करी.

वीज का तोडली गेली? बिल भरले नाही म्हणून. पण बंधूंनो, त्या भगिनींनी आपला वाटा दरमहा दिला होता! खोलीची भाडेपावती दिवंगत सासऱ्यांच्या नावे, मीटर थोरल्या दिरांच्या नावे. दीर उपनगरात राहावयास गेले. दरमहा या बाई त्यांच्या हातात रोख रक्कम देत, आणि ती रक्कम पुढे कार्यालयापर्यंत पोहोचत नसे. पावती नाही, पुरावा नाही. नोटीस आली तीही दिरांच्या नावे. यांच्या नावाचा कागद त्या घरात एकही नव्हता.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे लक्ष देऊ लागलो. जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम ‘ऊर्जा-दारिद्र्य’ म्हणजे काय, ते पाहू. ज्या घरात वीज किंवा गॅस पोहोचलाच नाही, ते घर तर ऊर्जेच्या बाबतीत दरिद्री आहेच. परंतु तार आली, शेगडी आली, तरी ती वापरणे परवडत नसेल, तर तेही दारिद्र्यच होय. इंग्लंडमध्ये थंडीच्या दिवसांत घर उबदार ठेवता न आल्याने वृद्ध माणसे, त्यांतही एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया फार हाल सोसतात. तेथील ब्रेंडा बोर्डमन या विदुषींनी १९९१ साली या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि एक साधी कसोटी पुढे आणली : ज्या कुटुंबाला घरातील पुरेशा ऊर्जेसाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागेल, ते कुटुंब ऊर्जेच्या दृष्टीने दरिद्री समजावे. पुढे तेथील सरकारनेही अनेक वर्षे हीच कसोटी वापरली.

आता हीच कसोटी आपण नायगावात लावून पाहू. समजा, एका भगिनीला शिवणकामातून महिन्याला ३५०० रुपये मिळतात आणि ‘लाडकी बहीण’ योजनेचे १५०० मिळतात. एकूण उत्पन्न ५००० रुपये. मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दर एप्रिल २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैसे झाला. तो सिलिंडर त्यांनी अत्यंत काटकसरीने दोन महिने पुरविला, तरी महिन्याचे सुमारे ४२६ रुपये झाले. विजेचे बिल कमीत कमी, ३०० रुपये धरू. एकूण ७२६ रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या साडेचौदा टक्के. आता ज्याच्या घरी महिन्याला ६०,००० रुपये येतात आणि गॅस-विजेवर ४००० जातात, त्याचा हिशेब करा. सातही टक्के होत नाहीत! त्याच्या घरी पंखे चार, शीतकपाट आहे, पाणी तापविण्याचे यंत्र आहे. बाईंच्या घरी एक दिवा आणि एक पंखा. तरी उत्पन्नातील वाटा त्यांचाच दुप्पट.

याचे कारण उघड आहे. एकट्या माणसालाही दिवा एकच लागतो आणि चार माणसांनाही एकच. एका भाकरीसाठी तवा तेवढाच तापवावा लागतो. चार माणसांच्या घरात हा खर्च विभागला जातो, एकटीच्या घरात तो एकटीवर पडतो. त्यातून स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क या गोष्टी प्रत्येक बिलात असतातच.

अशा भगिनी आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात विधवा, घटस्फोटित, पतीपासून विभक्त आणि अविवाहित अशा एकल स्त्रियांची संख्या ७ कोटींहून अधिक होती. २००१ साली हीच संख्या ५ कोटींच्या घरात होती. ग्रामीण भागातील परिस्थिती आणखी बिकट आहे, कारण तेथे चूल लाकडांवर पेटते आणि त्या धुराची किंमत फुप्फुसांना मोजावी लागते. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसे मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे कोण बसते, हे मी सांगावयास नको.

आता आपण आपल्या परिसराकडे वळू. गिरणगावाच्या कुशीत आपण वाढलो. ब्रिटिश अमदानीत १९२० च्या दशकात येथील बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. नायगावात अशा ४२ इमारती. एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच निजणे, तेथेच मुलांचा अभ्यास. माझ्या पिढीतील प्रत्येकाला रॉकेलची रांग आठवत असेल. हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात रेशनकार्ड, आणि स्टोची पिन घरात सापडली नाही तर सकाळचा चहा नाही.

याच खोल्यांतून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी चालत. एकेक बाई दहा-पंधरा, कधी त्याहून अधिक कामगारांचे डबे आणि ताटे सांभाळी. त्यांतील कित्येकींचे पती आजारी, बेकार किंवा दिवंगत होते. पिठाची उधारी वाण्याकडे, रॉकेलची उधारी वेगळी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या भगिनींना संघटित करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या कागदावर खानावळवाल्या बाईचे स्वतःचे नाव आले, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुरुषांचे पगार थांबले, आणि कित्येक घरांतील चूल केवळ बाईच्या पोळीभाजीवर आणि शिवणकामावर पेटत राहिली.

गिरगावातील ‘लिज्जत’ची कथा तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. परंतु त्या कथेतील एक लहानसा तपशील मला फार बोलका वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळवणारे ऊनच नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टो विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टो पेटवायचा. त्या एका स्टोने वर्षाचे चार महिने मिळवून दिले! बाईच्या हातात कष्ट होतेच, कौशल्य होतेच. अडले होते ते केवळ थोड्या उष्णतेपाशी.

म्हणजे ऊर्जा ही घरातील चैनीची बाब नव्हे. गरीब स्त्रीच्या बाबतीत ती तिच्या धंद्याचे भांडवल आहे. माझ्या दुकानातील विजेचे बिल मी खर्चात धरतो. बाईच्या खोलीतील विजेवर माझ्या दुकानाचे काम होते, ते मात्र मी कधीच कोठे धरले नाही. तीस वर्षे मी फॉलचा दर ठरवताना दोरा धरला, फॉलचे कापड धरले, मजुरी धरली. उजेड धरला नाही. तो उजेड त्या भगिनी आपल्या पदरचा घालीत होत्या.

कोणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की! आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. १ मे २०१६ रोजी ‘प्रधानमंत्री उज्ज्वला योजना’ सुरू झाली आणि गरीब घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्याचे धोरण आले. स्त्रीच्या नावे, हा शब्द महत्त्वाचा आहे. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि सिलिंडर पुन्हा भरून घेणे वेगळे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात, एक वर्षाहून जुन्या उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर इतकाच आढळला. म्हणजे शेगडी घरात आली, पण चूल गेली नाही. त्यानंतर २०२२ पासून या ग्राहकांना प्रति सिलिंडर २०० रुपये अनुदान सुरू झाले आणि २०२३ मध्ये ते ३०० रुपये झाले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना’ आणली. उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनांच्या पात्र भगिनींना वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे परत मिळावेत, अशी ती योजना.

आता मघाचाच हिशेब पुन्हा मांडू. सहा सिलिंडरपैकी तीनचे पैसे परत मिळाले, तर महिन्याचा एकूण खर्च ७२६ वरून ५२० रुपयांच्या जवळपास येतो. म्हणजे उत्पन्नाच्या साडेचौदा टक्क्यांवरून दहा टक्क्यांच्या आसपास. योजनेने काम केले! परंतु त्यासाठी एक अट आहे. गॅसजोडणी त्या भगिनीच्या स्वतःच्या नावावर हवी. ज्या घरात जोडणी अजून दिवंगत पतीच्या, सासऱ्यांच्या किंवा भावाच्या नावे आहे, तेथे ही मदत उंबरठ्यावरूनच परत फिरते. दुसरी अडचण अशी की पैसे आधी भरावयाचे आणि नंतर खात्यात जमा व्हावयाचे. ज्या घरात महिनाअखेरीस शंभर रुपये शिल्लक नसतात, तेथे साडेआठशे रुपये आधी आणावयाचे कोठून?

मग अशी भगिनी पाच किलोचा लहान सिलिंडर घेते. त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते, ही मोठी सोय आहे. पण तो खुल्या बाजाराच्या दराने मिळतो. घरगुती सिलिंडरवर वस्तू व सेवा कर पाच टक्के, तर या लहान सिलिंडरवर अठरा टक्के. आपण व्यापारी लोक जाणतोच की घाऊक माल स्वस्त आणि किरकोळ महाग. गरिबाला सगळेच किरकोळीने घ्यावे लागते. उजेड आणि आचही.

नावाचा हा प्रश्न किती खोल आहे, हे २०२५ साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत पती किंवा वडील यांच्या आधारची माहिती मागण्यात आली. ज्यांचे पतीही नाहीत आणि वडीलही नाहीत, त्यांनी काय करावे? शासनाने अडचण ओळखून मुदत वाढविली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश सादर करण्याची सोय केली, हे योग्यच झाले. परंतु परित्यक्तेचे काय? पती सोडून गेला, पण तो हयात आहे. घटस्फोट झालेला नाही. तिच्याकडे मृत्यूचा दाखला नाही आणि न्यायालयाचा कागदही नाही. विधवेपेक्षाही तिची स्थिती अवघड आहे, कारण तिचे एकटेपण कोणत्याच दप्तरात नोंदलेले नाही.

कायदा मात्र तिच्या बाजूने आहे, आणि हे आपण सर्वांनी घरोघरी सांगितले पाहिजे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकालाच नव्हे, तर त्या जागेत राहणाऱ्यालाही विजेच्या पुरवठ्यासाठी अर्ज करण्याचा हक्क आहे. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात ‘आर्थिक छळ’ हा हिंसाचाराचाच प्रकार मानला आहे. घरातील आवश्यक गोष्टींपासून स्त्रीला वंचित ठेवणे, जी सोय वापरण्याचा तिला हक्क आहे ती रोखणे, हे त्यात येते. सुनेने घर सोडावे म्हणून तिच्या खोलीतील दिवा बंद करणारे सासर असेल, तर त्याने हे कलम वाचून ठेवावे.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींच्या मनात आणखी एक भीती असते. घरात शिलाई यंत्र चालवले तर दुकानाचा दर लागेल, अशी. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दर-आदेशांत यासाठी तरतूद राहिलेली आहे. राहत्या घराच्या काही भागात लहानसा व्यवसाय चालत असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो. एवढी माहिती नसल्यामुळे कित्येक जणी यंत्राची मोटर काढून पायाने यंत्र चालवीत बसतात.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. आपणांस वाटेल, हा प्रश्न आपला नव्हे, आपण तर दान देणारे. परंतु बंधू-भगिनींनो, आपल्यातील दारिद्र्य दिसत नाही, कारण ते हात पसरीत नाही. मंदिरात धूतवस्त्र नेसून येणारी, पर्युषणात उपवास करणारी एखादी विधवा भगिनी घरी जाऊन कोणत्या उजेडात बसते, हे आपण विचारतो का? आपल्या घरी पाणी उकळून पिण्याचा नियम अनेकजणी पाळतात. दिवसाला पाच लिटर पाणी उकळावयास महिन्याकाठी सुमारे पावणेदोन किलो गॅस लागतो. सिलिंडरचा आठवा हिस्सा झाला. ती भगिनी नियम सोडणार नाही. ती एक वेळची भाजी सोडील. आणि आपण म्हणू, किती साधे जीवन!

साधेपणा आणि अभाव यांत फरक आहे. परिग्रहाचे परिमाण आपण स्वेच्छेने करतो, तेव्हा ते व्रत ठरते. जिच्यावर ते लादले गेले, तिच्यासाठी ते व्रत नव्हे.

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी मार्ग दाखविला आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत श्राविकाश्रम उभारला आणि विधवा भगिनींना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे केले. अलीकडची गोष्ट घ्या. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने सर्व ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. कुंकू आणि बांगड्यांचा मान परत मिळाला, ही मोलाची गोष्ट झाली. त्यापुढचे पाऊल म्हणून मीटर आणि गॅसच्या पुस्तकाचाही विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे.

या प्रश्नाची आज घाईही आहे. आपल्या परिसरातील जुन्या चाळी जाऊन उंच इमारती येत आहेत. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, ही आनंदाचीच बाब आहे. पण ज्या खोलीत एक दिवा पुरत होता, तेथे आता चार लागतील. नव्या घरात मीटरही नवे बसते, गॅसचीही नवी जोडणी होते. ती कोणाच्या नावे होणार, हे ठरविण्याची हीच वेळ आहे. एकदा पुन्हा दिराचे नाव लागले, की पुढची तीस वर्षे तेच राहील.

मी ट्रस्टपुढे चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली, सुवर्णमहोत्सवी वर्षात नावनोंदणीचे काम हाती घ्यावे. परिसरातील प्रत्येक एकल भगिनीच्या गॅसजोडणीवर, वीज मीटरवर आणि शिधापत्रिकेवर तिचे स्वतःचे नाव लागेपर्यंत एक कार्यकर्ता तिच्यासोबत जावा. मृत्यूचा दाखला, वारसांचे ना-हरकत पत्र, भाडेपावती, हे कागद गोळा करणे एकट्या बाईला कठीण जाते. आमच्या मुनीमजींना त्या एका मीटरसाठी दिरांच्या घरी तीन खेपा घालाव्या लागल्या आणि दोन महिने गेले. व्यापाऱ्यांना अर्ज आणि दाखले यांची सवय असते. आपला हा गुण येथे उपयोगी पडेल. ही मदत केवळ आपल्या समाजापुरती नसावी, हेही मी स्पष्ट सांगतो. माझ्या दुकानाच्या साड्या शिवणाऱ्या बहुतेक भगिनी अन्य समाजांच्या आहेत.

दुसरी, एक फिरता निधी ठेवावा. सिलिंडरचे पैसे भगिनीने आधी भरावयाचे असतात, तेव्हा ते ट्रस्टने द्यावेत आणि तिच्या खात्यात परतावा आला की तिने ते परत करावेत. हे दान नव्हे, उचल आहे. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

तिसरी, प्रभावनेच्या आणि भेटीच्या वस्तूंचा विचार व्हावा. आपण वाटतो ती स्टीलची भांडी घरोघरी माळ्यावर पडून असतात. त्याऐवजी नव्या पद्धतीचा, कमी वीज घेणारा पंखा द्यावा. साधा पंखा ७५ वॅटचा असतो, हा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला चौदा तास चालला, तर महिन्याला सुमारे १९ युनिटांची बचत होते. तसेच ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी दिवा करतो. एक पंखा, दोन दिवे आणि एक प्रेशर कुकर, एवढ्याने त्या घराचे बिल दर महिन्याला कमी होते. ही मदत एकदाच द्यावयाची, पण लाभ प्रत्येक बिलात दिसतो.

चौथी सूचना माझ्या व्यापारी बंधूंना आहे. ज्यांच्याकडे घरी काम देण्याची पद्धत आहे, त्यांनी दरात उजेडाचा खर्च धरावा. मी माझ्या दुकानात प्रत्येक फॉलमागे दोन रुपये ‘दिवाबत्ती’ म्हणून वेगळे लिहावयास सुरुवात केली आहे. माझ्या नफ्यात त्याने उल्लेखनीय फरक पडलेला नाही. हे काम मी वीस वर्षांपूर्वीच करू शकलो असतो, याची मात्र खंत आहे.

आणि या सर्व कामाची जी समिती होईल, तिच्यात निम्म्या जागांवर एकल भगिनी असाव्यात. कोणत्या घरात दिवा नाही, हे आम्हां गादीवर बसणाऱ्यांना शेवटी कळते. शेजारच्या बाईला ते पहिल्या रात्री कळते.

शेवटी त्या भगिनींविषयी सांगून थांबतो. मीटर त्यांच्या नावावर झाले. थकबाकी त्यांनी हप्त्याने फेडली, कोणाकडूनही फुकट घेतली नाही. मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. कापलेले साठ रुपये मी मुनीमजींच्या हाती परत पाठविले. त्यांनी ते मोजून घेतले आणि वहीत सही केली. त्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सुरतेच्या पेढ्यांना, दलालांना, ग्राहकांना पत्रे धाडली. शंभराहून अधिक पत्रे गेली असतील. त्या यादीत या बाईंचे नाव नव्हते. पुढच्या वर्षीही नव्हते. पैसे परत करणे सोपे गेले. उंबरठ्यावर उभे राहून हात जोडणे मला जमले नाही. आपला ट्रस्ट पन्नास वर्षांचा झाला, आणि मीही सत्तरीकडे चाललो. आता विलंब लावण्यात अर्थ नाही. या कार्यक्रमानंतर मी त्या चाळीत जाणार आहे.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असेल, तर मनःपूर्वक मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.